चौथा घाणा: घरच्या भाजीच्या फ्रीझ-ड्राइंगचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका बहीण-भावाचं आहे. ओळख पटू नये म्हणून इथे त्यांना ताई आणि भाऊ एवढंच म्हटलं आहे. बाग ताईंची, फ्रीझ-ड्राइंगचं, म्हणजे भाजी गोठवून सुकवण्याचं, यंत्र धाकट्या भावाचं. मी यात शिरलो तो त्यांचा चौथा घाणा बिघडल्यावर. त्याआधीचं सगळं ताईंच्या वहीवरून आणि दोघांच्या सांगण्यावरून जुळवलं आहे. (यंत्राच्या प्रत्येक फेरीला ताई ‘घाणा’ म्हणतात. मीही तोच शब्द वापरतो.)

ताईंच्या बागेत बारा वाफे आहेत. मटार, गाजर, फरसबी, पालक, टोमॅटो, मका. हंगाम भरात आला की पाच-सहा आठवडे रोज टोपलीभर माल निघतो आणि घरात खाणारी माणसं चार. बरीच वर्षं त्या जास्तीची भाजी फ्रीझरमध्ये ठेवत. एकदा घराला कुलूप असताना फ्रीझर बंद पडला. परत येऊन दार उघडलं तर वर्षभराची मेहनत पाण्यात तरंगत होती. पुढची साठवण विजेवर टांगलेली नको, हे त्यांनी त्याच दिवशी ठरवलं.

कोणते मार्ग होते

गरम हवेत सुकवण्याचं साधं यंत्र त्यांच्याकडे आधीच होतं. ५० ते ६० अंश सेल्सिअसला भाजी सुकते, टिकतेही, पण आक्रसते. बाहेरचा थर आधी कडक होतो आणि आतली ओल अडकून बसते. ताईंच्या मटारांचे खडे झाले होते. तासभर भिजवूनही ते दाताखाली करकरत.

बरण्यांत भरून प्रेशर कॅनिंग करण्याचाही विचार झाला. आंबटपणा कमी असलेल्या भाज्यांना नुसतं उकळतं पाणी पुरत नाही. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू १०० अंशांना तग धरतात, म्हणून दाबाखाली ११६ अंशांच्या आसपास जावं लागतं. ताईंना त्या दाबाच्या भांड्याची धास्ती वाटत होती आणि इतक्या उष्णतेने भाजीचा लगदा होतो हीसुद्धा तक्रार होती.

तिसरा मार्ग फ्रीझ-ड्राइंगचा. पाण्याचा त्रिक बिंदू ०.०१ अंश सेल्सिअस आणि ६११ पास्कल दाब हा आहे. दाब याच्या खाली नेला, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दीडशेव्या भागाहूनही कमी केला, की बर्फ वितळत नाही, थेट वाफ होतो. याला संप्लवन म्हणतात. भाजी आधी उणे ३० अंशांच्या खाली गोठवायची, पंपाने हवा काढून घ्यायची आणि ट्रेला हलकी ऊब द्यायची. निघालेली वाफ यंत्राच्या थंड भिंतीवर पुन्हा बर्फ होऊन बसते. पाणी द्रवरूपात येतच नसल्याने भाजीचा सांगाडा कोसळत नाही. तुकडा होता त्या आकाराचा राहतो, फक्त पोकळ आणि हलका होतो, आणि पाणी मिळालं की काही मिनिटांत फुगतो. नीट सुकलेल्या मालात पाणी दोन-चार टक्क्यांहून जास्त उरत नाही.

भाऊंनी चार ट्रेचं घरगुती यंत्र घेतलं. विजेचा हिशोब त्यांनी पहिल्या घाण्यापासून ठेवला होता, ही त्यांची शिस्त मला आवडली. एक किलो बर्फाची वाफ करायला साधारण २,८४० किलोज्यूल लागतात, म्हणजे पाऊण युनिटच्या जरा वर. चार किलो पाण्याला सव्वातीन युनिट पुरायला हवेत. मीटरवर मात्र एका घाण्याला २४ युनिट पडले, कारण पंप आणि कॉम्प्रेसर दिवस-रात्र चालतात. आतल्या भाजीपेक्षा यंत्र चालू ठेवण्यालाच जास्त वीज जाते. म्हणून घाणा भरगच्च आणि आटोपशीर व्हावा असं भाऊंना वाटणं स्वाभाविक होतं. पुढची चूक याच हिशोबातून झाली.

चौथ्या घाण्यात काय झालं

पहिले तीन घाणे एकेका भाजीचे होते: टोमॅटोच्या चकत्या, गाजराचे तुकडे, चिरलेली फरसबी. तिन्ही उत्तम निघाले. त्यामुळे दोघांचाही यंत्रावर भरवसा बसला.

चौथ्या वेळी बागेत एकदम तीन भाज्या आल्या. दोन ट्रेमध्ये एक-एक किलो मटार, एका ट्रेमध्ये किलोभर गाजर आणि एकात ६०० ग्रॅम पालक असा घाणा लागला. मटार दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढून बर्फाच्या पाण्यात थंड केले होते, म्हणजे ब्लांचिंग व्यवस्थित झालं होतं. ते आवश्यकच असतं. गोठवल्याने आणि सुकवल्याने भाजीतली विकरं (एन्झाइम) मरत नाहीत, नुसती थांबतात. ब्लांचिंग टाळलं तर साठवणीत रंग उडतो आणि गवतासारखा वास येतो.

२६ तासांनी यंत्राने काम संपल्याची सूचना दिली. ताईंनी पालकाचं पान चुरडून पाहिलं, गाजराचा तुकडा मोडून पाहिला, मटाराच्या ट्रेच्या कडेचे दोन दाणे चावून पाहिले. सगळं कुरकुरीत. मग नऊ मायलर पिशव्या (हवा आणि उजेड अडवणाऱ्या, चंदेरी प्लास्टिकच्या) भरल्या. चारांत नुसते मटार, पाचांत तिन्ही भाज्यांचं मिश्रण. प्रत्येकीत ऑक्सिजन शोषून घेणारी पुडी टाकली आणि इस्त्रीने तोंडं बंद केली.

सात आठवड्यांनी मिश्रणाची एक पिशवी उघडली. पालक ओल्या कापडासारखा एकमेकांना चिकटला होता. गाजर मोडत नव्हतं, वाकत होतं. मटार चामड्यासारखे. आणि एक शिळा, कोंदट वास. पिशवीला भोक नव्हतं, जोडही पक्का होता. म्हणजे ओल बाहेरून आली नव्हती, ती पहिल्या दिवसापासून आतच होती.

पहिला निर्णय: नऊ पिशव्यांचं काय करायचं

मला बोलावणं आलं ते या टप्प्यावर. भाऊंचं म्हणणं, “ताई, पिशव्या फोडू, सगळं परत यंत्रात घालू. दहा-बारा तासांत कोरडं होईल.” ताईंचं म्हणणं, “आत काय झालंय ते मला दिसत नाही. जे दिसत नाही ते मी मुलांच्या ताटात वाढणार नाही.”

भाऊंचा मुद्दा पोकळ नव्हता. सूक्ष्मजीव वाढतात की नाही हे अन्नात एकूण पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं मोकळं पाणी किती आहे यावर ठरतं. ते ० ते १ या मापात मोजतात आणि त्याला जलसक्रियता म्हणतात. बॉट्युलिनमला ०.९४ च्या आसपास जलसक्रियता लागते. ०.८५ च्या खाली रोग पसरवणारे जिवाणू वाढत नाहीत आणि ०.६ च्या खाली बुरशीसुद्धा थांबते. चामड्यासारखा मटार बहुधा ०.६ ते ०.८ च्या दरम्यान असावा, असं भाऊंनी वाचून काढलं होतं. अंदाज योग्य होता.

पण तो सात आठवड्यांनंतरच्या मटाराचा होता. पिशवीत ओल हळूहळू सगळीकडे सारखी पसरते. पहिल्या काही दिवसांत ती थोड्या दाण्यांच्या गाभ्यात साठलेली होती आणि तिथली जलसक्रियता किती होती हे कोणी मोजलेलं नव्हतं. वर परिस्थिती नेमकी नको तशी: आंबटपणा नसलेली भाजी, ऑक्सिजन काढून घेतलेली पिशवी, खोलीचं तापमान. बॉट्युलिनमच्या विषाला वास नसतो, चव नसते, रंगही नसतो. ते एकदा तयार झालं असेल तर पुन्हा सुकवल्याने जात नाही. फ्रीझ-ड्राइंग मुळात जंतू मारणारी क्रिया नव्हेच. प्रयोगशाळांत जिवाणूंचे नमुने वर्षानुवर्षं जिवंत ठेवायला हीच पद्धत वापरतात.

मी ताईंच्या बाजूने बोललो. धोका फार मोठा होता असं मी म्हणणार नाही, पण तो किती होता हे कळायचा मार्ग उरलेला नव्हता आणि पणाला लागलं होतं ते साडेतीन किलो भाजीचं सुकवण. उरलेल्या आठही पिशव्या न फोडता आणखी एका पिशवीत बांधून कचऱ्यात दिल्या. उघडलेली पिशवीसुद्धा तशीच बंद करून. ताईंना ते खतात घालावंसं वाटत होतं. तेही नको म्हटलं, कारण खताच्या खड्ड्यावर प्राणी येतात आणि हात तर आपलेच लागतात.

कारण वहीतच होतं

यंत्र बिघडलंय अशी भाऊंची पहिली शंका. पंपाचं तेल पाहिलं. वाफ तेलात गेली की ते दुधाळ होतं आणि पंप पुरेसा दाब खाली नेऊ शकत नाही. तेल स्वच्छ होतं. दाराचं रबरही ठीक होतं.

मग ताईंची वही उघडली. त्या प्रत्येक पिशवीचं वजन लिहून ठेवतात, आणि मिश्रण करतानाही कोणती भाजी किती घातली ते लिहितात. नुसत्या मटारांच्या चार पिशव्या, प्रत्येकी ७५ ग्रॅम, म्हणजे ३००. मिश्रणात घातलेले मटार २१०. एकूण ५१० ग्रॅम.

ताज्या मटारात साधारण ७९ टक्के पाणी असतं. दोन किलोंमध्ये सुका भाग सुमारे ४२० ग्रॅम. नीट सुकले असते तर वजन ४३० ते ४३५ भरायला हवं होतं. ५१० चा अर्थ असा, की पिशव्या बंद करताना मटारात जवळपास ९० ग्रॅम पाणी होतं, म्हणजे १८ टक्क्यांच्या आसपास. हा आकडा सात आठवडे वहीत पडून होता. ताई बराच वेळ त्या पानाकडे पाहत बसल्या. मला त्यांचं वाईट वाटलं, पण आनंदही झाला, कारण ज्या घरात वजन लिहून ठेवतात तिथे चूक सापडते.

ओल राहिली कशी? तीन गोष्टी एकावर एक आल्या.

पहिली, मटाराची साल. फरसबी चिरलेली होती, टोमॅटोच्या चकत्या होत्या, गाजराचे तुकडे होते. वाफेला बाहेर पडायला कापलेली बाजू होती. अख्ख्या मटाराला ती नसते. साल वाफेला अडवते आणि दाणा बाहेरून कोरडा, आत ओला राहतो. मक्याच्या कापलेल्या दाण्याला निदान एक बाजू उघडी मिळते, मटाराला तीही नाही.

दुसरी, मिसळलेला घाणा. यंत्राला प्रत्येक दाण्याच्या आतलं कळत नाही. आतला दाब किंवा ट्रेचं तापमान यावरून ते अंदाज बांधतं. पालक आणि गाजर लवकर सुकले, वाफ ओसरली, आणि मटारांमधून झिरपणारी थोडी वाफ पंपाला सहज पेलण्याजोगी होती. यंत्राच्या दृष्टीने काम संपलं होतं.

तिसरी, तपासणीची जागा. मटारांचा थर जवळपास तीन सेंटिमीटर जाड होता आणि ताईंनी दाणे उचलले ते कडेचे. कडेला ऊब जास्त लागते, कडा आधी सुकतात. मधले दाणे उचलून हातात धरले असते तर काही गार लागले असते. ज्यात बर्फ शिल्लक आहे तो दाणा गार राहतो.

आणि मिश्रणामुळे नुकसान पसरलं. नुसते मटार वेगळे ठेवले असते तर गाजर आणि पालक वाचले असते. एका पिशवीत आल्यावर ओल ओल्याकडून सुक्याकडे गेली आणि तिन्ही भाज्या एकाच चामडी अवस्थेत येऊन थांबल्या.

दुसरा निर्णय: पुढे कसं करायचं

भाऊंचा कल यंत्राची वेळ सरसकट दहा तासांनी वाढवण्याकडे होता. सोपं होतं, पण मला पटलं नाही. पालकाला ते दहा तास फुकट जातात आणि जाड थराच्या मटारांना कदाचित पुरतही नाहीत. वेळ हे कोरडेपणाचं माप नाही. वजन आहे.

म्हणून रीत अशी बसवली. एका घाण्यात एकच भाजी, किंवा सुकायला सारखाच वेळ घेणाऱ्या भाज्या. मटार ब्लांचिंगनंतर ट्रेमध्ये पसरून सपाट बुडाच्या भांड्याने हलके दाबायचे, साल फाटेपर्यंत. ट्रेमधला थर दीड सेंटिमीटरच्या वर नाही. भरलेले ट्रे आदल्या दिवशी फ्रीझरमध्ये गोठवून ठेवायचे, म्हणजे यंत्राचा गोठवण्याचा वेळ वाचतो. फ्रीझरमध्ये सावकाश गोठल्याने बर्फाचे खडे मोठे होतात आणि पेशी जास्त फाटतात, त्यामुळे भिजवल्यावर भाजी थोडी मऊ लागते. पण त्याच मोठ्या खड्यांच्या जागी मोठी छिद्रं उरतात आणि सुकणं लवकर होतं. शिजवूनच खायच्या भाजीसाठी हा सौदा ताईंना मान्य होता.

यंत्र थांबलं की प्रत्येक ट्रेचं वजन करायचं, पुन्हा दोन तास चालवायचं, पुन्हा वजन. आकडा हलला तर आणखी दोन तास. शिवाय भाजीगणिक अपेक्षित वजनाचा एक कागद यंत्राच्या दारावर चिकटवला: किलोभर ताज्या मालाचे मटार २१५ ते २२० ग्रॅम, गाजर १२० ते १२५, फरसबी १०० च्या आसपास, पालक ९०, टोमॅटो ५५ ते ६०. जात आणि पिकलेपणाप्रमाणे हे थोडं इकडे-तिकडे होतं, पण चौथ्या घाण्यासारखी चूक या कागदासमोर लपू शकत नाही.

यावर एक बरणीची चाचणी. सुकलेल्या मालाचा मूठभर नमुना, ट्रेच्या मधला, काचेच्या लहान बरणीत छोट्या आर्द्रतामापकासह बंद करून एक दिवस ठेवायचा. बंद जागेत हवेची आर्द्रता आणि अन्नाची जलसक्रियता जुळते. मापकावर ६५ दिसलं तर जलसक्रियता ०.६५. घरगुती मापक अगदी खालच्या आकड्यांना अचूक नसतो. पण २० आणि ६५ मधला फरक तो निश्चित दाखवतो आणि इथे तेवढंच हवं होतं. तोवर बाकीचा माल घट्ट झाकणाच्या बरण्यांत राहतो, कारण उघडा ठेवला तर तो हवेतली ओल काही मिनिटांत ओढू लागतो.

पिशव्या भरण्याबाबत एकच दुरुस्ती. काही पिशव्यांत भाऊ ऑक्सिजनच्या पुडीबरोबर सिलिका जेलही टाकत, दुप्पट संरक्षण म्हणून. ऑक्सिजन शोषणारी पुडी म्हणजे लोखंडाची भुकटी. ती गंजून ऑक्सिजन खाते आणि गंजायला तिला थोडी ओल लागते. शेजारचं जेल तीच ओल ओढून घेतं. जेल बंद केलं.

काय निष्पन्न झालं

पुढच्या हंगामात अकरा घाणे झाले. मटारांना सरासरी ३८ तास लागले, म्हणजे आधीच्या दीडपट, आणि वीजही त्या प्रमाणात वाढली. दोन घाणे बरणीच्या चाचणीत अडकले, दोन्ही मटारांचेच. ते त्याच दिवशी परत यंत्रात गेले आणि दुसऱ्या खेपेला उतरले. इथे पुन्हा सुकवणं योग्य होतं: माल एक दिवसाचा होता, ऑक्सिजन काढलेल्या पिशवीत आठवडे पडलेला नव्हता.

प्रत्येक घाण्याची एक पिशवी ताई महिन्याने, एक सहा महिन्यांनी आणि एक वर्षाने उघडतात. आतापर्यंत एकही ओली निघालेली नाही. दाबलेले मटार दिसायला सुरेख नाहीत, हे ताई स्वतःच सांगतात, पण गरम पाण्यात दहा मिनिटांत मऊ होतात आणि चवीला ताज्याच्या फार जवळ जातात.

एक नवी गोष्ट ध्यानात आली. हाताशी असावं म्हणून थोडं गाजर काचेच्या पारदर्शक बरणीत उघड्या फळीवर ठेवलं होतं. तीन महिन्यांत ते फिकट पडलं. फ्रीझ-ड्राय केलेला तुकडा छिद्राछिद्रांचा असल्याने हवेला आणि उजेडाला त्यात भरपूर पृष्ठभाग मिळतो आणि गाजराचा रंग देणारं बीटा कॅरोटीन झपाट्याने जातं. त्याच घाण्यातलं मायलरमधलं गाजर अजून गर्द आहे.

काही भाज्या त्यांनी सोडूनच दिल्या. काकडी आणि सॅलडची पानं सुकतात छान, पण पाणी लागल्यावर त्यांचं लोळागोळा होणं टळत नाही. भोपळ्यासारख्या नुसत्या फळीवर महिनोन्महिने टिकणाऱ्या फळभाजीसाठी दीड दिवस यंत्र चालवण्यात अर्थ नाही असं ताईंचं मत आहे आणि ते मला पटतं.

वेगळं काय करता आलं असतं

तीन घाणे चांगले निघाल्यावर चौथ्यात एकाच वेळी दोन बदल झाले: नवी भाजी आली आणि मिश्र घाणा आला. एकच बदल केला असता तर कारण लगेच कळलं असतं. नवी भाजी आधी एकट्या ट्रेमध्ये, थोडी, करून पाहायला हवी होती.

पिशव्या भरल्यावर पहिली तपासणी सात आठवड्यांनी झाली, हे फार उशिराचं. एखादी पिशवी चौथ्या-पाचव्या दिवशी उघडली असती तर मटार मऊ पडू लागलेले दिसले असते. माल टाकावा लागलाच असता, कारण पाच दिवससुद्धा ऑक्सिजनविना ओल्या मटारांसाठी कमी नाहीत, पण त्याच रीतीने आणखी घाणे निघण्याचा धोका टळला असता. सुदैवाने मधल्या काळात बाग संपली होती.

आणि माझ्या स्वतःच्या सल्ल्याबद्दल: मिश्रणाच्या पिशव्या भरणं कायमचं थांबवा असं मी तेव्हा म्हटलं होतं. आता तितकं ताणून धरणार नाही. प्रत्येक भाजी वेगळी सुकून, वेगळी तपासून झाली असेल तर मिश्रणाला हरकत नाही. ताईंनी मात्र पुन्हा एकदाही मिश्रण केलेलं नाही.

पाच वर्षांनी उघडायची म्हणून पहिल्या यशस्वी मटारांची एक पिशवी कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात ठेवली आहे. तिच्यावर तारीख आहे आणि खाली दोन आकडे: ताजे १,००० ग्रॅम, सुके २१८ ग्रॅम.